कार्डाचा कोपरा

"ह्याचा कोपरा कुणी फाडला गं?"

केवळाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी होती आणि समोर लेकीचा लॅपटॉप. पडद्यावर एक पिवळं पडलेलं पत्र होतं. शाईच्या तिरप्या ओळी, मधेच काढलेलं नांगरटीचं शेत, आणि खालचा उजवा कोपरा गायब.

"कुणी फाडला न्हाई, माय. सव्वाशे वर्षांच्या वरचा कागद हाय तो," शिल्पा म्हणाली. "घड्या पडून पडून तसाच जातो."

"तसाच जातो?"

"मग काय तर! हे बघ, ह्याचा पण गेलाय. ह्याची तर कडाच खाल्लीय कशानं तरी."

केवळाबाई पुढे सरकल्या. हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

शिल्पा नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. उद्याच्या तासाला मुलांना पत्रातली चित्रं दाखवायची म्हणून रविवारची दुपार तिने लॅपटॉपपुढे घालवली होती. चित्रकार परदेशातला, जगभर नाव झालेला. त्याने भावाला लिहिलेली पत्रं कुणी तरी नीट जपून, एकेका पानाचा फोटो काढून इंटरनेटवर ठेवली होती. कुणीही उघडावीत आणि वाचावीत, फुकट. भाषा त्याची वेगळी, पण शेजारी इंग्रजीत अर्थ दिलेला. शिल्पा तो वाचायची आणि आईला आपल्या भाषेत सांगायची.

केवळाबाईंनी त्याचं नाव सूर्यफुलांवाला ठेवलं होतं. खरं नाव जिभेवर बसेना, आणि सूर्यफुलं काढून माणूस एवढा मोठा होतो हेच त्यांना आधी पटेना. "आमच्या शिरूर अनंतपाळाकडं एकेकाळी रानच्या रान सूर्यफुलाचं असायचं," त्या म्हणाल्या होत्या. "राघू हाकलता हाकलता जीव जायचा. चित्र कोन काढतंय?" पण गेल्या चार दिवसांत त्यांना त्या माणसाचा लळा लागला होता. संध्याकाळी शिल्पा शाळेतून आली, की चहा पुढे ठेवून त्या विचारायच्या, "काय म्हन्तो सूर्यफुलांवाला आज?" घराला सोडून एकटा पडलेला, रंगापायी येडा झालेला, आणि एका जिवाला सारखं लिहीत बसणारा. असा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

"शिल्पे," त्यांनी विचारलं, "ही समदी ह्यानं भावाला लिहिलेली. मग भावाची उत्तरं कुठं हायेत?"

"ती लई थोडी राहिली. भावानं ह्याची जपली, ह्यानं भावाची टाकून दिली. आज हितं तर उद्या तितं राहनारा मानूस, कुठं ठेवनार?"

"पन उत्तरं येत हुती ना?"

"येतच असनार. दर दुसऱ्या पत्रात हा पयलं तेच लिहितो, तुझं पत्र मिळालं म्हणून."

केवळाबाईंनी मान हलवली आणि मेथी निवडायला घेतली. पान टाकलं जात होतं आणि काडी टोपलीत पडत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. फाडलेला कोपरा दिसला की केवळाबाईंच्या काळजात लक्कन व्हायचं, मग तो वहीचा असो की कॅलेंडरचा. तीस वर्षं अंगणवाडीत काढली त्यांनी. पोरांनी पुस्तकांचे कोपरे फाडले तर त्या रागवायच्या नाहीत, निमूटपणे डिंक लावून चिकटवत बसायच्या. मदतनीस बाई हसायची, म्हणायची, बाईचा जीव कागदात अडकलाय. तिला काय ठाऊक, कुठल्या कागदात.

एकुलता एक भाऊ, मारोती. तीन वर्षांनी धाकटा. माहेर जळकोटकडचं, वडील हणमंतराव, पोरांचे दादा, शेतीवर जीव टाकणारे. पोरगं मात्र औताच्या मागे चालताना ढेकळाने बांधावरच्या दगडावर बैल काढत बसायचं. विसाव्या वर्षी ते नांदेडला सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्याकडे पळालं. हणमंतरावांनी भरल्या पंक्तीत सांगितलं, "रंगाऱ्याला माझ्या घरात जागा न्हाई. माझ्या डोळ्यापुढं दिसू नये." बापाचा शब्द तो. नंतर कुणी काढलाच नाही.

मारोती लिहायचा तो फक्त अक्काला, म्हणजे केवळाबाईंना, शिरूर अनंतपाळच्या सासरी. पोस्टकार्ड यायचं, कधी नांदेडहून, कधी निजामाबादहून. मजकूर मोजका, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर चित्र. त्या दिवशी जे डोळ्यापुढे आलं ते: चहाची किटली, हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं, शिडीवर चढलेला तो स्वतः. चित्राभोवती टिंबाटिंबांची रेघ आणि बारीक अक्षरात 'शिल्पीला'. म्हणजे इथून काप आणि भाचीला दे. केवळाबाई कार्ड दोनदा वाचायच्या, मग कात्रीने टिंबांवरून कोपरा कापून पोरीच्या हातात द्यायच्या. पोरगी तो वहीत चिकटवायची. उरलेलं कार्ड खुंटीवरच्या पत्रांच्या तारेत ओवलं जायचं.

पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यात मारोतीचं कार्ड आलं, ते निजामाबादच्या दवाखान्यातून. कावीळ झाली होती. अक्षर थरथरतं, आणि चित्र काढलंच नव्हतं. 'जगलो वाचलो तर लिहीन' असं लिहिलं होतं. त्यानंतर दीड महिना काहीच नाही. केवळाबाई रोज पोस्टमनच्या सायकलची वाट बघायच्या आणि ती दारावरून पुढे गेली की सुटकाही वाटायची.

आणि नेमकं तेव्हाच घरात रेणुकाचं लग्न निघालं. रेणुका म्हणजे केवळाबाईंची धाकटी नणंद. तिचं एकदा जमलेलं मोडलं होतं. हळद लागायच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाकडे कुणी तरी वारलं, सुतक आलं, तिथी पुढे ढकलली, आणि त्या ढकलण्यातच ती सोयरीक विरून गेली. पुढे दोन वर्षं पोरगी कुणाच्या लग्नाला गेली नाही. सासूबाई दुधाने तोंड पोळलेल्या. ताकही फुंकून पीत होत्या. म्हातारी माणसं आजारी असलेल्या घरांतून येणारी पत्रंसुद्धा त्यांना नको होती. आता जमलेली तिथी त्या सालची शेवटची होती. केवळाबाईंनी ती मारोतीला कार्ड टाकून कळवली होती, पण उत्तर नव्हतं.

लग्नाला चार दिवस असताना, हळद दळायच्या सकाळी, अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढला होता. सवाष्णी जात्याला सुपारी बांधत होत्या. केवळाबाई सरपण आणायला बाहेर आल्या आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात त्यांना कार्ड दिसलं. कोपरा फाडलेला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. मयताच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. असं कार्ड पोस्टमन घरात देत नसे, बाहेरच ठेवून जाई. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडायचं आणि अंगावर पाणी घेऊन मग आत यायचं. आणि सुतकाचाही नियम असा, की ते मेल्यापासून धरलं तरी लागतं ऐकल्यापासून. जोवर कळलं नाही, तोवर लागलं नाही.

वाचता येणाऱ्या माणसाची पंचाईत एवढीच, की अक्षरांवर नजर पडली की वाचून होतं. केवळाबाईंनी डोळे मिटले. आतून रेणुकाचं हसणं ऐकू येत होतं, दोन वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी चाचपडत कार्ड कोनाड्यातून ओढलं, मुठीत चुरगाळलं आणि तसंच हंड्याखालच्या जाळात सारलं. मग डोळे उघडले. आत जाऊन जात्याला हात लावला आणि सगळ्यांच्या आधी ओवी उचलली. बायका म्हणाल्या, काय गळा लागलाय आज!

रेणुकाचं लग्न लागलं. तिचं आजवर सोन्यासारखं चाललंय. वरात गेल्यावर केवळाबाईंनी विहिरीवर जाऊन लुगड्यानिशी अंगावर पाणी घेतलं आणि तीन दिवस डोक्याला तेल लावलं नाही. कुणाला कळलं नाही. पंधरा दिवसांनी न राहवून त्यांनी निजामाबादच्या जुन्या पत्त्यावर कार्ड टाकलं, ते 'पत्ता सोडून गेला' असा शेरा घेऊन परत आलं. नवऱ्याला, दयानंदरावांना, एकदा जाऊन बघून या म्हणाल्या, तर ते म्हणाले, "पेंटर मानूस त्यो. आज हितं, उद्या तितं. येईल फिरून." मेलाय हे सांगावं तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं. पुढे हणमंतराव गेले, दयानंदराव गेले. दर भाऊबीजेला केवळाबाई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायच्या. घरातले म्हणायचे, भाऊ परागंदा आहे, म्हणून ओवाळते बिचारी. तीस वर्षं त्या एका मयताचं सुतक एकट्या पाळत होत्या.

"माय, तू काड्या ठेवून पानं टाकून राहिलीस की!" शिल्पा हसली.

"आँ? हाव की." केवळाबाईंनी टोपली उलटी केली. मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हंजे कोपरा गेला म्हंजे वाईटच असतं, असं न्हाई."

"कशाचं वाईट? कोपरा काय, कशानं बी जातो. मीच न्हाई का फाडला हुता मामाच्या कार्डाचा?"

"तू?"

"रेणुकाआत्याच्या हळदीदिवशी. पोस्टमनकाका गल्लीतच भेटले, म्हणले, घे, तुझ्या मामाचं हाय. लई दिवसांनी चित्र आल्तं. कात्री मागाय आले तर तुम्ही समद्या जात्याजवळ. मग दिला टर्रकन फाडून, आन् कार्ड ठेवलं बाहेर कोनाड्यात, तुला दिसंल म्हणून." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "तू संध्याकाळी रडून राहिली हुतीस ना, मला वाटलं, न इचारता फाडला म्हणून रडतीय. चार दिवस वही लपवून ठिवल्ती मी. थांब, आनते. उद्या पोरांना ती वही बी दाखवावी म्हन्ते."

ती उठून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग वरच्या फळीवरचं काहीतरी खाली ओढल्याचा. केवळाबाई भिंतीला टेकून बसल्या. पंख्याने मेथीची पानं फरशीवर पसरत होती आणि त्या ती पानं उडताना बघत होत्या.

वही पातळ होती, दोरी सुटलेली. शिल्पाने ती आईच्या मांडीवर ठेवली आणि पानं उलटली. किटली, कुत्रं, शिडी. सगळे कोपरे सरळ, टिंबांवरून कापलेले. शेवटचा मात्र वेडावाकडा, तळहाताच्या निम्म्याएवढा. चित्रात एक माणूस हातात पिशवी घेऊन रस्त्याने चालला होता, आणि रस्त्याच्या टोकाला एवढंसं घर, घरापुढे मांडव.

कात्रीने कापला असता तर फक्त चित्र आलं असतं. हाताने ओढला म्हणून टिंबांच्या अलीकडचे शब्दही त्याच्याबरोबर आले होते. तीन ओळींची तीन शेपटं. अक्षर थरथरत नव्हतं. ठसठशीत होतं, दुकानाच्या पाटीवर काढतात तसं.

'...आता बरा हाय.'

'...दादा असतील, तरी लग्नाला येऊ का.'

'...तुझं उत्तर आलं तरच येतो.'

केवळाबाईंनी ते वाचलं. वाचून झालं तरी त्या बघत राहिल्या. मग त्यांनी वहीच छातीशी धरली. तो मेला नव्हता. बरा होऊन, पिशवी घेऊन निघायच्या तयारीत बसला होता, आणि एका शब्दासाठी थांबला होता. अक्का 'ये' म्हणाली असती तर बापाच्या डोळ्यांदेखत मांडवात आला असता. अक्काने काहीच म्हटलं नाही. पोस्टमनची वाट बघत किती दिवस थांबला असेल? हळद उलटली, तिथी उलटली, मग त्याने मनाशी काय धरलं असेल? बापाने हाकललं, त्याचं त्याला एवढं लागलं नसेल.

"वाचलं हुतंस ना तू?" शिल्पाने विचारलं. "मला लई येळा वाटायचं इचारावं. तू ये म्हणून लिवलंस आन् त्योच आला न्हाई का?"

केवळाबाईंनी लेकीकडे पाहिलं. अडतीस वर्षांची बाई, पण तोंड अजून त्या आठ वर्षांच्या पोरीचंच, चूक झाली का म्हणून विचारणारं. खरं सांगायचं तर एवढंच होतं: तू फाडलास म्हणून मी जाळलं. आठ शब्दसुद्धा नाहीत. ते एकदा बोललं, की पुढची तीस वर्षं ही उचलणार. उद्या पोरांपुढे उभी राहून पत्रातली चित्रं दाखवताना हिला आपलं फाडणंच दिसणार.

"वाचलं हुतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"उत्तर धाडायचं राहून गेलं."

शिल्पाने वहीवरचा हात काढून घेतला. "राहून गेलं? माय, त्यानं एवढं इचारलं, आन् तू उत्तरच दिलं न्हाईस?"

"लग्नाची धांदल हुती. मग राहूनच गेलं."

"त्याला काय वाटलं असंल गं?"

"हाव," केवळाबाई म्हणाल्या. "लई वाईट वाटलं असंल."

शिल्पाने लॅपटॉप जवळ ओढला. ती रागावली होती, आणि आईवर रागवायची सवय नसल्याने काय करावं तिला कळत नव्हतं. जरा वेळाने तिने विचारलं, "कंच्या नावानं शोधू? मारोती पेंटर, निजामाबाद?" तिने नाव टाकलं. मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. गाड्या रंगवणारे निघाले, फ्लेक्सवाले निघाले, एक मारोती पंचवीस वर्षांचा निघाला. ज्याचं जग सगळं जपून बसलंय, त्याची नऊशेच्या आसपास पत्रं तिथे होती. मारोतीचं काही नव्हतं.

"असंल कुठं तरी," शिल्पा म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "त्रेसष्ट वर्षांचा असंल."

"फागुनात पुरी झाली त्रेसष्ट," केवळाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत भावाचं वय त्यांनी पहिल्यांदाच पुढे मोजलं होतं.

सोमवारी शिल्पा वही घेऊन शाळेत गेली. जाताना केवळाबाईंनी शेवटच्या पानाला वरून कागद लावून दिला, पोरांचे हात लागू नयेत म्हणून. मग त्या चपला घालून कोपऱ्यावरच्या पोस्टात गेल्या. खिडकीतल्या पोराला कार्ड शोधायला बराच वेळ लागला. "आजी, कार्ड कोन लिहितं आता? फोन करा की," तो म्हणाला. केवळाबाई म्हणाल्या, "फोन न्हाई त्याच्याकडं."

बाकावर बसून त्यांनी लिहिलं. अंगणवाडीत तीस वर्षं गिरवून घेतलेलं अक्षर, गोल आणि सुटं.

'बाबा मारोती, तुझं कार्ड पावलं. उत्तर द्यायला उशीर झाला, चूक माझी हाय. ये. कोन असंल कोन नसंल ते बघू नको. तुझी अक्का.'

खाली उजव्या कोपऱ्यात थोडी जागा राहिली. त्यांना चित्र येत नव्हतं. त्यांनी नुसती टिंबाटिंबांची रेघ आखली आणि आतली जागा मोकळी ठेवली.

पत्त्याच्या बाजूला लिहिलं: मारोती पेंटर, निजामाबाद. एवढाच पत्ता होता. त्याखाली स्वतःचा नांदेडचा पत्ता मात्र पिनकोडसकट, फ्लॅट नंबरसकट नीट लिहिला, परत यायचं झालं तर वाट चुकू नये म्हणून.

पेटीपाशी जाऊन त्यांनी कार्ड आत टाकायला हात वर केला, आणि पुन्हा खाली घेतला. चारही कोपरे एकेक करून अंगठ्याने चाचपून पाहिले. चारही शाबूत होते. मग त्यांनी कार्ड पेटीत सोडलं, ते तळाला टेकल्याचा आवाज येतो का ते पाहत क्षणभर उभ्या राहिल्या, आणि घरी निघाल्या.